अढळपद

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या घरात एक खटला उभा राहिला. स्वयंपाकघरात चकलीचे पीठ मळून ठेवले होते, दारातली पहिली पणती अजून लागायची होती, आणि बैठकीच्या खोलीत तेरा वर्षांची आमची नात मोबाइल छातीशी धरून निकालाची वाट पाहत उभी होती. तिने एक गाणे केले होते. शब्द तिचे, चाल तिची, आणि कपाटाला आईची ओढणी बांधून केलेल्या पडद्यापुढे त्याचे चित्रणही तिनेच केलेले. ते तिला यूट्यूबवर टाकायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत सारे जग रिकामे असते, तेव्हा ते ‘व्हायरल’ होण्याचा संभव अधिक, असा तिचा हिशेब होता.

आई म्हणाली, “मुळीच नको.” वडील म्हणाले, “टाकू दे की! सगळीच मुलं टाकतात.” आजी म्हणाली, “केस नीट विंचरून पुन्हा एकदा म्हण, आणि मग टाक.” तीन न्यायाधीशांची तीन मते झाली, तेव्हा प्रकरण माझ्याकडे आले. मी चौतीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले. त्यामुळे मुलांविषयी कोणताही निवाडा मला चुटकीसरशी देता येईल, अशी आमच्या घरात समजूत आहे. ती खरी नाही, हे मी आजवर कोणाला कळू दिलेले नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “सकाळी सांगतो.”

त्या रात्री मला झोप आली नाही. नातीचे गाणे वाईट होते असे नव्हे. तेरा वर्षांच्या मुलीचे असावे तसेच ते होते. मला जागे ठेवले ते दुसऱ्याच एका मुलीने. तीही तेरा वर्षांचीच होती, तिनेही एक गाणे म्हटले होते, आणि तिला हसणाऱ्या कोट्यवधी लोकांत एक मी होतो.

ही गोष्ट इ. स. २०११ मधली. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि मुलाने मला संगणक शिकवला होता. नव्या शिकाऊ माणसाला असतो तसा उत्साह माझ्या अंगात होता. मार्च महिन्यात कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. कॅलिफोर्नियातील रिबेका ब्लॅक नावाची एक शाळकरी मुलगी त्यात गात होती. गाण्याचा विषय शुक्रवार. गुरुवार संपला, शुक्रवार आला, आता शनिवार-रविवार येणार, आणि मैत्रिणींच्या मोटारीत पुढे बसावे की मागे हा मोठा पेच, एवढाच त्याचा आशय. आवाज यंत्रातून घोटून काढलेला. मी पोट धरून हसलो. बरे, हसून थांबावे की नाही! मी तो व्हिडिओ माझ्या अकरा मित्रांना पाठवला आणि वर एक ओळ लिहिली, “साहित्य तर बुडालेच होते, आता संगीताचीही इतिश्री पाहा.” त्या ओळीचे मला फार कौतुक वाटले होते. दोघा मित्रांनी ती पुढे आणखी कोणाकोणाला पाठवल्याचेही मला कळले, आणि मी सुखावलो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, याची चौकशी मी चौदा वर्षे केली नव्हती. वसुबारसेच्या त्या रात्री, घर निजल्यावर, मी ती केली.

हकीकत अशी. गाण्याची हौस असलेल्या मुलामुलींना गाणे लिहून देणारी आणि त्याचे चित्रण करून देणारी एक कंपनी लॉस एंजलिसमध्ये होती. तिच्या आईने त्या कंपनीला चार हजार डॉलर दिले. तेव्हाच्या दराने आपले सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये. आपल्याकडे मुलीच्या अरंगेत्रमसाठी आईबाप पदराला खार लावतात, तशातलाच हा प्रकार. फेब्रुवारी २०११ मध्ये गाणे यूट्यूबवर आले. महिनाभर त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. मार्चमध्ये थट्टेखोरांच्या दृष्टीस ते पडले, आणि वणवा लागला. महिना संपायच्या आत ते यूट्यूबवरचे सर्वांत नापसंत चित्रण ठरले. जूनमध्ये, कंपनीशी वाद झाल्यामुळे, ते तेथून उतरवले गेले. तोवर सोळा कोटींहून अधिक वेळा ते पाहिले गेले होते. तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या; पोलिसांना तपास करावा लागला. शाळेतल्या टोमण्यांना कंटाळून तिने शाळा सोडली आणि घरी अभ्यास सुरू केला. पुढे २०२० मध्ये तिने स्वतःच या वर्षांविषयी लिहिले. तेराव्या वर्षी स्वतःची लाज आणि जगाची भीती, पंधराव्या वर्षी औदासीन्य आणि मन मोकळे करायला कोणी नाही, सतराव्या वर्षी शाळेत तिच्यावर आणि मैत्रिणींवर अन्न फेकले गेले, एकोणिसाव्या वर्षी संगीतातल्या लोकांनी तिच्याबरोबर काम करायला नकार दिला.

हा ताळेबंद मी रात्री दोन वाजता वाचला. तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस! मी पाठवलेल्या त्या ओळीला तर दोन मिनिटेही लागली नव्हती.

माणसे पूर्वीही हसत असत, हे मला कबूल आहे. तेही ऐकीव माहितीवरून नव्हे, अनुभवावरून. मी स्वतः तेरा वर्षांचा असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाट्यपद म्हणायला उभा राहिलो होतो. साल १९६४. कृष्णाकाठचे आमचे गाव, पेट्रोमॅक्सचा उजेड, पुढच्या रांगेत सरपंच, डॉक्टर आणि माझे वडील. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत तान घ्यायला गेलो, आणि त्याच क्षणी विधात्याने माझा आवाज फोडायचे ठरवले. जो स्वर बाहेर पडला तो माणसाचा होता की रेडकाचा, यावर गावात पुढे बराच काळ दुमत होते. मंडप हसला. पेटीवाले मास्तर हसले. पुढच्या रांगेत फक्त वडील हसले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक दुःख झाले. दुसऱ्या दिवसापासून माझे नाव ‘फुटका गंधर्व’ पडले. मी विहिरीवर गेलो की पोरे तान मारीत. मला गाव सोडून पळून जावेसे वाटे.

पण मी पळून जाण्याआधीच शिमगा आला, आणि होळीच्या रात्री गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या परसातले लाकडी न्हाणीघर पोरांनी मुळापासून उचलून होळीत घातले. गाव त्या हसण्यात गुंतले. ‘फुटका गंधर्व’ मागे पडला. पाडव्यापर्यंत तो चार पोरांपुरता उरला, आणि पावसाळ्यापर्यंत त्या चौघांनाही नवे काही सापडले. पुढे याच फुटक्या आवाजावर मी चौतीस वर्षे पोट भरले. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा त्या संमेलनाची आठवण असलेला एकच माणूस मला भेटला. तो माणूस म्हणजे मी.

यातून मला असे दिसते की, आपल्या पिढीवर लोकांनी जी कृपा केली ती न हसण्याची नव्हती. हसण्यात आपले गाव कोणत्याही देशाला हार जाणारे नव्हते. कृपा होती ती विसरण्याची. गावाची जीभ तिखट खरी, पण गावाची स्मृती आखूड. आणि त्या आखूडपणात आमच्यासारख्यांची पोरवये सुखरूप पार पडली. या विसरण्याचे आम्ही कधी कोणाला आभार मानले नाहीत. ज्याचा पुरवठा अखंड असतो, ते दान आहे असे माणसाला वाटतच नाही. आता यंत्राने ते दान काढून घेतले आहे. माझी तान हवेत विरली. त्या मुलीचे गाणे जसेच्या तसे राहिले. आज ते ऐकणारा माणूस पहिल्यांदाच हसत असतो, आणि ती मात्र ते हसणे हजाराव्यांदा सोसत असते.

त्या रात्री मला ध्रुवाची गोष्ट आठवली. दिवाळीत आमची आजी अभ्यंगाचे तेल लावता लावता ती सांगत असे. उत्तानपाद राजाची सुरुची ही आवडती राणी आणि सुनीती ही नावडती. सुनीतीचा पाच वर्षांचा मुलगा बापाच्या मांडीवर बसायला गेला आणि सावत्र आईने त्याला हटकले. पोर रडत वनात गेले, त्याने तप केले, देव प्रसन्न झाला, आणि जिथून कोणी उठवणार नाही असे अढळपद त्याला मिळाले. इथे गोष्ट संपे आणि आजी डोक्यावर कढत पाण्याचा तांब्या ओती. मला लहानपणी ध्रुवाचा हेवा वाटे. आता मात्र एक शंका येते. पाच वर्षांच्या मुलाला कायमचे एका जागी बसवणे, हा वर की शाप? मूल म्हणजेच हालचाल. ते आज एक असते, उद्या दुसरे. सकाळी संन्यासी होणार म्हणते आणि दुपारी कंडक्टर. त्याला अढळ करणे म्हणजे त्याचे मूलपणच काढून घेणे.

पण भागवताच्या चौथ्या स्कंधात ही गोष्ट आजीने सांगितली त्याहून लांब आहे. देवाने ध्रुवाला तिथल्या तिथे आकाशात नेऊन बसवले नाही. त्याने त्याला घरी धाडले. आधी आईबापांकडे जा, मोठा हो, राज्य कर, आणि मग हे पद तुझेच आहे, असा तो वर होता. पुराणाच्या हिशेबाने ते राज्य छत्तीस हजार वर्षांचे. आणि मौज अशी की, घरी परतताना ध्रुव आनंदात नव्हता. आपण हे काय मागून बसलो, अशी खंत त्याला वाटत होती, असेही तिथे सांगितले आहे. देवालासुद्धा एवढे कळत होते की, मुलाने मागितलेली कीर्ती द्यावी, पण लगेच देऊ नये. मागणारा आणि घेणारा यांच्यामध्ये वाढलेले वय असावे.

आमचे यंत्र देवापेक्षा तत्पर आहे. ते लगेच देते. रिबेका ब्लॅक आज तिशीच्या आसपासची बाई आहे, पण असंख्य लोकांच्या मनात ती अजून तेरा वर्षांची आहे, अजून शुक्रवारच आहे, आणि मोटारीत कुठे बसावे हे अजून ठरलेले नाही. अढळपद याला म्हणतात!

यावर एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या मुलाने त्याच दिवशी घेतला होता. तो म्हणाला, “पण बाबा, टाळ्या हव्यात म्हणून जो रंगमंचावर चढतो, त्याने शिट्ट्याही सोसायला नकोत का?” प्रौढांपुरता हा न्याय मला मान्य आहे. लेखकाने पुस्तक छापले की टीकेला मान द्यावी. पण मुलांची चूक दाखवण्याची एक रीत असते. चौतीस वर्षे मी वह्यांवर लाल शाई ओढली आणि तिचा मला पश्चात्ताप होत नाही. मात्र ती वही मी त्या मुलाच्याच हातात परत दिली. चावडीवर टांगली नाही. चूक त्याला कळावी एवढीच त्या शाईची मजल होती. गाणे वाईट आहे असे म्हणणे हा रसिकाचा हक्क आहे. पण गाणाऱ्या मुलीनेच या जगात नसावे असे म्हणणाऱ्यांची जेव्हा रांग लागते, तेव्हा रसिकता दारातून केव्हाच निघून गेलेली असते. शिवाय, रंगमंचावर न चढलेल्यांचे काय? कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने २००२ मध्ये शाळेच्या स्टुडिओत एकटाच असताना, चित्रपटातल्या योद्ध्याची नक्कल करीत एक दांडा फिरवला. त्याच्या नकळत शाळासोबत्यांनी ते चित्रण २००३ मध्ये जगापुढे टाकले. त्याला ना टाळ्या हव्या होत्या, ना शिट्ट्या. तो नुसता खेळत होता. त्यालाही शाळा सोडावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हीच वाट कित्येकांना वर घेऊन गेली त्याचे काय? कॅनडातल्याच स्ट्रॅटफर्ड गावी २००७ मध्ये बारा वर्षांचा जस्टिन बीबर एका स्थानिक स्पर्धेत गायला. आईने ते चित्रण नातेवाइकांना पाहता यावे म्हणून यूट्यूबवर ठेवले, आणि हातातोंडाची गाठ पडताना जिची दमछाक होत होती अशा आईचा मुलगा जगप्रसिद्ध झाला. ज्यांना कोणी मंच देत नव्हते अशा खेड्यापाड्यांतल्या पोरांना या यंत्राने मंच दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मी स्वतः शिकवलेल्या मुलांत असे दोन-तीन गळे होते, जे योग्य कानांपर्यंत न पोचताच विझले.

तरीही, कौतुकाकडे नीट पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात माळा विकायला आलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांचे कोणीतरी चित्रण केले, आणि चार दिवसांत सारा देश त्या डोळ्यांवर लुब्ध झाला. तिला कोणी हसले नाही, सर्वांनी वाखाणलेच. पण तिच्याभोवती जी गर्दी लोटली ती माळा घेणाऱ्यांची नव्हती, छायाचित्रे घेणाऱ्यांची होती. माळांची विक्री थांबली, वावरणे कठीण झाले, आणि मेळा संपायच्या आतच तिला घरी परतावे लागले. ती काय म्हणते, तिला काय हवे आहे, हे विचारणारे किती होते कोण जाणे. म्हणजे प्रश्न निंदेचा किंवा स्तुतीचा नाही. मुलाच्या एका क्षणाला आपण त्याचे सारे आयुष्य मानतो, प्रश्न त्याचा आहे. हसणारा म्हणतो, “तू म्हणजे हे बेसूर गाणे.” वाखाणणारा म्हणतो, “तू म्हणजे हे डोळे.” दोघेही त्या मुलाला हलू देत नाहीत. ज्याचे कौतुक झाले त्या मुलाची स्थिती तर कधीकधी अधिक कठीण असते. कारण निंदेतून सुटावेसे तरी वाटते, स्तुतीतून सुटावे असे वाटायलाच फार वय लागते.

मग हे करतो कोण? मी तर काही केले नव्हते. एकदा हसलो आणि अकरा पत्रे पाठवली, एवढेच. प्रत्येकाला असेच वाटते, आणि प्रत्येकाचे म्हणणे जवळजवळ खरे असते. यातच या प्रश्नाचा पीळ आहे. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात एक कल्पित उदाहरण दिले आहे. हजार छळणारे आहेत आणि हजार बळी. पूर्वी प्रत्येक छळणारा आपल्या एकाच बळीच्या यंत्राची कळ हजार वेळा दाबी, आणि संध्याकाळी त्याला कळे की आपण एका माणसाला तळमळवले. पुढे त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येकजण हजारही बळींच्या यंत्रांची कळ एकेकदाच दाबतो. एका दाबाने कोणाच्याही वेदनेत जाणवेल इतका फरक पडत नाही. संध्याकाळी प्रत्येकजण स्वच्छ मनाने घरी जातो. बळींच्या वेदना मात्र होत्या तेवढ्याच राहतात.

हे वाचल्यावर मला माझे अकरा मित्र आठवले. आमच्यापैकी कोणीही त्या मुलीला दोन शब्द कठोर बोलला नसता. ती समोर आली असती तर आम्ही तिला खाऊच दिला असता. आम्ही फक्त कळ एकेकदा दाबली. सोळा कोटींची ती रास अशाच एकेका सज्जन बोटाने रचली होती. ‘एका तिळाने काय होते’ असे म्हणत म्हणत पोते भरते, आणि मग ते कोणाच्या तरी पाठीवर पडते.

कायदे याबाबतीत स्वस्थ बसलेले नाहीत. त्याच कॅलिफोर्नियात २०१५ पासून, अठरा वर्षांखालील मुलांनी स्वतः टाकलेला मजकूर काढून टाकण्याचा हक्क त्यांना मिळाला आहे. पण त्याची दुसऱ्या कोणी केलेली नक्कल काढण्याचा नाही. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणे बंद केले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याची मनाई केली. यांतले काय फळते ते काळ दाखवील. पण कायदा दुकानातून माल उतरवू शकतो; तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाइलमधून आणि मनातून तो उतरवू शकत नाही. तिथे दुसरेच काही लागते.

ते काय, याचा विचार करता करता पहाट झाली, आणि मला एक पोस्टकार्ड आठवले. आमच्या लहानपणी घरोघर अशी पत्रे येत. अमुक देवाचा महिमा, आणि खाली धमकी : हे पत्र मिळताच अकरा जणांना अशीच पत्रे लिहा, लिहाल तर धनलाभ होईल, न लिहाल तर अरिष्ट कोसळेल. आळीतल्या बायका घाबरून पोरांना लिहायला बसवत. एकदा आमच्याकडे असे पत्र आले. आई हळूच म्हणाली, “अहो, लिहून टाकू या का? आपलं काय जातं?” वडिलांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला, परसात गेले आणि ते पेटत्या बंबात घातले. परत येऊन एवढेच म्हणाले, “आपल्या घरापाशी संपलं.” सबंध देशात फिरणारी ती साखळी त्यांनी थांबवली असे नाही, ती पुढे कैक वर्षे फिरत होती. पण आमच्या घरातून जाणाऱ्या अकरा वाटा त्या दिवशी बंद झाल्या. आपल्या वाट्याचा तीळ तेवढा पोत्यात पडू द्यायचा नाही, याहून मोठा पराक्रम सामान्य माणसाला बहुधा करता येत नाही; आणि याहून लहान सबबही त्याला चालवून घेता येत नाही. त्याच वडिलांच्या मुलाने २०११ मध्ये अकरा पत्रे पाठवली होती, आणि तीही कोणी धमकी दिलेली नसताना!

सकाळी नात निकाल ऐकायला आली. मी तिला रिबेका ब्लॅकची हकीकत सांगितली आणि त्यातला माझा भागही सांगितला. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग ध्रुवाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “पण आजोबा, त्याने मागितलं म्हणूनच त्याला मिळालं ना? तो घरीच बसला असता तर?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी म्हणालो, “तू गाऊ नकोस असं मी म्हणत नाही. भाऊबीजेला सगळे जमतील, तेव्हा सर्वांपुढे गा. हे गाणं मात्र एक वर्ष तुझ्यापाशी ठेव. पुढच्या दिवाळीत तुला वाटलं तर टाक; मी आडवा येणार नाही.” तिने पाडव्यापर्यंत माझ्याशी अबोला धरला. भाऊबीजेला ती गायली. तिच्या आत्याचे डोळे भरले, मामेभावाने तोंड लपवून हसून घेतले, आणि रात्रीच्या जेवणात दोन्ही गोष्टी विरून गेल्या.

त्या मुलीचे सारे वाईटच झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. तिने गाणे सोडले नाही. ज्या गाण्याने तिला पोळले, तेच तिने दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, नव्या साजात स्वतःच पुन्हा लोकांपुढे आणले, आणि २०२३ मध्ये तिचा पहिला पूर्ण अल्बम निघाला. अढळपदावरून उतरून ती स्वतःच्या पायांनी चालू लागली. पण हा पराक्रम तिचा आहे. आमच्या खात्यावर तो जमा करून घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. एखादे मूल पुरातून पोहून बाहेर आले म्हणून पाण्यात ढकलणारे निर्दोष ठरत नाहीत. आणि जी मुले बाहेर आली नसतील, त्यांच्याविषयी कोणी लिहीतही नाही.

या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी नातीला म्हणालो, “वर्ष भरत आलं. तुझं ते गाणं टाकायचं ना?” तिने कपाळाला हात लावला. “शी, आजोबा! ते किती बालिश होतं! मी केव्हाच पुसून टाकलं.” मला एकदम चुकल्यासारखे झाले, कारण मला ते गाणे आवडू लागले होते. दुसरे कडवे तर मला पाठ आहे. पण ते मी कोणाला म्हणून दाखवणार नाही. तिने ते विसरायचे ठरवले आहे, तेव्हा माझ्यापाशीही ते संपले पाहिजे.

परवाच एका जुन्या मित्राने मोबाइलवर काहीतरी पाठवले. कुठल्यातरी शाळेतला मुलगा भाषण करता करता अडखळतो, घाम पुसतो, पुन्हा अडखळतो. खाली लिहिले होते, “हसून पोट दुखेल, पुढे पाठवा.” मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असावा. आवाज नुकताच फुटत होता. आमच्या घरी आता बंब नाही. मी ते पुसले, आणि मित्राला उलट लिहिले, “माझ्यापाशी संपलं.” त्याचा अर्थ त्याला कळला नसावा. त्याने हसरा चेहरा पाठवला आहे.